खडीवरून डांबरावर

मागच्या दिवाळीनंतर आजी डोळे दाखवायला नगरला आमच्याकडे आली होती. हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेली माझी नवी सायकल तिनं बराच वेळ न्याहाळली. मग खाली वाकून अंगठा आणि तर्जनीत टायर दाबून पाहिला. तो दगडासारखा घट्ट होता.

"एवढं बारीक चाक? आपल्या रस्त्याला टिकंल का गं हे?"

मी हसून म्हटलं, "आजी, ही रोड बाईक आहे. रस्त्यासाठीच असते."

"मंग आधीची कशासाठी हुती?"

आधीची सायकल माउंटन बाईक होती, म्हणजे डोंगरासाठीची. सावेडीत राहणाऱ्या, कामाला एमआयडीसीत जाणाऱ्या मुलीनं ती का घेतली, याचं उत्तर मला आजीला देता आलं नाही. हा लेख त्या उत्तराच्या शोधात लिहिला आहे. वाटेत सायकलीचा इतिहास आला, मग रस्त्याचा आला आणि शेवटी आमच्या घरातली एक गोष्ट आली. ती मला सव्वीस वर्षं माहीत नव्हती.

*

२०२० सालच्या लॉकडाऊनमध्ये जगभर सायकली खपल्या, तशा नगरमध्येही खपल्या. जिम बंद होत्या आणि रस्ते रिकामे. मी दुकानात गेले आणि जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली, एकवीस गिअरची सायकल घेऊन आले. तेव्हा कुणी मला 'कुठली घेऊ' असं विचारलं असतं, तर मीही डोळे झाकून हेच सांगितलं असतं, की आपल्याकडचे रस्ते बघ आणि एमटीबीच घे.

तिच्यावर मी पुष्कळ हिंडले. सगळ्यात लाडका रस्ता चांदबीबी महालाचा. नगरकर त्याला चांदबीबीचं नाव देतात, पण ती कबर आहे सलाबतखानाची. निजामशाहीतला तो मंत्री. सोळाव्या शतकातली ही अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत पाथर्डी रस्त्यावर शहरापासून बारा-तेरा किलोमीटरवर डोंगरमाथ्यावर उभी आहे. पहाटे निघायचं, चढ चढायचा, वरून शहर बघायचं आणि उतरायचं. चढाला लहान गिअर होता, खड्ड्यांना जाड टायर होता. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं.

कान मात्र तक्रार करत होते. डांबरावर जाड नक्षीचा टायर 'भर्रर्र' असा सतत आवाज करतो. एके सकाळी एक काका बारीक टायरच्या सायकलीवरून माझ्या शेजारून गेले. साठीचे तरी असतील. आवाज जवळपास नव्हताच. मी जोर लावून मागे लागले, पण दोन मिनिटांत ते ठिपक्याएवढे झाले. तेव्हा कळलं, की आपण ऐकतोय ती भर्रर्र म्हणजे आपलीच ताकद आहे आणि ती रस्त्यात मुरते आहे.

*

माउंटन बाईकची जन्मकथा गमतीची आहे. ती कुठल्या कारखान्यात जन्मली नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी नावाचा डोंगराळ भाग आहे. १९७०च्या दशकात तिथल्या काही तरुणांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या जुन्या, फुगीर टायरच्या सायकली भंगारातून उचलल्या आणि डोंगरउतारावरून सोडायला सुरुवात केली. ज्या वाटांवरून ते यायचे, त्या वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेल्या कच्च्या वाटा होत्या. एका उताराचं नावच 'रिपॅक' पडलं. खाली येईपर्यंत मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. १९७६ साली तिथे पहिली शर्यत झाली. जो ब्रीझ, टॉम रिची, गॅरी फिशर, चार्ली केली ही त्यातली नावं. १९८१ साली 'स्टम्पजंपर' ही कारखान्यात मोठ्या संख्येनं तयार झालेली माउंटन बाईक बाजारात आली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती जगभर पसरली.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात ती 'रेंजर' आणि 'एमटीबी' या नावांनी आली. वर्गात एकाकडे रेंजर असायची आणि बाकीचे तिच्याकडे बघत बसायचे, असं त्या पिढीतले लोक अजून सांगतात. डोंगरावर त्यातली एकही जात नसावी. ती शाळेत, क्लासला आणि दळण आणायला जायची.

याला फॅशन म्हणून सोडून देता येतं. मला वाटतं, त्यात एक हिशोबही होता. जाड टायर घेणारा माणूस 'रस्त्याचा भरवसा नाही' असं न बोलता सांगत असतो. डोंगर लागो न लागो, खड्डा लागणारच. मीही तेच सांगत होते.

*

मग मी सायकल बदलली. नवशिक्या म्हणून जे भोगलं ते थोडक्यात सांगते, कारण हे आधी कुणी मला नीट सांगितलं नव्हतं.

पहिले आठ दिवस हात बधिर झाले. रोड बाईकचं हँडल खाली आणि पुढे वळलेलं असतं. एमटीबीवर आपण खुर्चीत बसल्यासारखे बसतो, इथे पुढे वाकावं लागतं. याचं कारण वारा. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर विरोध चौपट. वारा अडवणारी मुख्य वस्तू सायकल नसून आपली छाती असते. म्हणून वाकायचं. पण वाकून सगळा भार तळहातांवर टाकला तर बोटं झोपतात. भार पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंनी पेलायचा आणि कोपर सैल ठेवायचे, हे मला तिसऱ्या आठवड्यात जमलं.

दुसरा धडा चढानं दिला. माझ्या एमटीबीवर सगळ्यात हलक्या गिअरला पुढे २४ दाते आणि मागे २८ होते. पायडलची एक फेरी मारली की मागचं चाक एका फेरीपेक्षा कमीच फिरायचं. रोड बाईकवर पुढे ३४, मागे २८. एका फेरीत चाक सव्वा फेरी जातं. सायकल पाच किलोनं हलकी, तरी चांदबीबीच्या चढावर मी पहिल्यांदाच पाय टेकला. सायकल महाग घेतली म्हणून चढ सोपा होत नाही.

तिसरा धडा हवेचा. एमटीबीत ३५-४० पीएसआय हवा पुरते. २५ मिलिमीटरच्या बारीक टायरला माझ्या वजनाला ९०च्या आसपास लागते. कमी ठेवली तर खड्ड्याच्या काठावर ट्यूब टायर आणि रिंगच्या मध्ये चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. शिवाय या ट्यूबचा वॉल्व वेगळा असतो. पहिल्यांदा पंक्चर झालं तेव्हा मी सायकल ढकलत एका जुन्या दुकानात गेले. दुकानदारांनी नळी बोटात धरून पाहिली आणि म्हणाले, "ताई, याला आमचा पंप लागत नाही." पाच-दहा रुपयांना मिळणारी पितळी टोपी खिशात असती तर भागलं असतं. तेव्हापासून ती टोपी, एक ट्यूब आणि छोटा पंप सोबत असतो.

आणि काटे. आपल्या माळावर सराटा आहे, बाभळी आहेत. रस्त्याच्या कडेला पाय टेकताना चाकसुद्धा बघून टेकवावं लागतं. आजीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं. चाक रस्त्याला टिकतं, रस्त्याच्या कडेला टिकत नाही. पण सायकलवाल्याला ढकललेलं असतं कडेलाच.

*

बारीक चाकाचा इतिहास जाड चाकाच्या कितीतरी आधीचा. १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्रेझ यांनी पायडल नसलेली, पायांनी ढकलत चालवायची दुचाकी केली. १८६०च्या दशकात फ्रान्समध्ये पुढच्या चाकाला पायडल आले. मग वेगासाठी पुढचं चाक मोठं मोठं होत गेलं, इतकं की पडलं तर मान मोडायची. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' बनवली. तिची दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि साखळी मागच्या चाकाला. आजची आपली सायकल तीच. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरांनी मुलाच्या तीनचाकीला हवेची रबरी नळी बसवली आणि धक्के कमी झाले.

आपल्या आजोबांच्या पिढीनं चालवली ती काळी सायकल याच घराण्यातली. तिचं कारखान्यातलं नाव 'रोडस्टर'. आधी ती इंग्लंडहून यायची. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मद्रासमध्ये टीआय सायकल्स, १९५१ साली सोनिपतला ॲटलस आणि १९५६ साली लुधियानात हिरो सुरू झाली. १९८६ साली हिरो जगातली सगळ्यात मोठी सायकल उत्पादक कंपनी म्हणून गिनेस बुकात गेली. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तो ३ जून २०२० रोजी. तो जागतिक सायकल दिन होता.

आमच्या आजोबांकडे अशीच बावीस इंची काळी सायकल होती. कॅरियरच्या दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या लटकवून ते गावातून सुप्याला जायचे. त्या सायकलीचा सांगाडा अजून गावच्या पडवीत आहे. टायरवर अजून वाचता येतं, २८ बाय दीड. मी एकदा गंमत म्हणून तिन्ही रिंगांची मापं शोधली. एमटीबीची जुनी सव्वीस इंची रिंग ५५९ मिलिमीटरची, माझ्या रोड बाईकची ६२२ आणि आजोबांच्या सायकलीची ६३५. म्हणजे मी 'नव्या' सायकलीकडे गेले असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात मी आजोबांच्या सायकलीच्या जवळ परत आले होते. मधली तीस वर्षं आपण डोंगरातून फिरून आलो.

पण आजोबांची ती सायकल सुप्यापर्यंत जायची कशावरून? इथून सायकलीचा इतिहास मागे पडतो आणि रस्त्याचा सुरू होतो.

*

गुळगुळीत रस्ते मोटारींसाठी झाले, असं आपण धरून चालतो. मुळात ते मागितले सायकलवाल्यांनी. इंग्लंडमधल्या सायकल संघटनांनी १८८६ साली रस्तेसुधारणेसाठी संस्था काढली. अमेरिकेत १८८० साली स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या संघटनेनं 'चांगले रस्ते' हीच चळवळ केली. तेव्हा मोटारी जवळपास नव्हत्याच. नंतर मोटारी आल्या, त्याच रस्त्यांवर धावल्या आणि सायकल कडेला गेली.

रस्त्याचं तंत्र त्याही आधीचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन मॅकॅडम या स्कॉटिश माणसानं दाखवून दिलं, की रस्त्याला खाली मोठमोठ्या शिळा लागत नाहीत. लहान, टोकेरी, साधारण एका मापाची फोडलेली खडी थरांनी पसरली की वरच्या वजनानं ती एकमेकींत रुतते आणि पक्की होते. गोल गोटे चालत नाहीत, ते घरंगळतात. फोडलेलाच दगड हवा. आपल्याकडचे बांधकामवाले आजही 'डब्ल्यूबीएम' म्हणतात तो हाच प्रकार. खडी, वर मुरूम, पाणी आणि रोलर. डांबर नंतर.

म्हणजे रस्ता करायचा तर आधी कुणीतरी दगड फोडायला हवा. दख्खनचा दगड म्हणजे काळा बेसाल्ट. भारी टणक.

आपल्या जिल्ह्यात हा दगड फोडणारे हात दुष्काळानं पुरवले. १८७६-७८च्या महादुष्काळात इंग्रज सरकारनं लोकांना जगवायला कामं काढली. दौंड-मनमाड रेल्वे, जी नगरवरून जाते, ती त्याच काळातली, १८७८ साली सुरू झालेली. त्याच दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी इतकी कापली, की दिवसाला अर्ध्या शेराच्या आतबाहेर धान्य हातात पडायचं आणि मुंबई इलाख्यातल्या उपाशी मजुरांनी त्याविरुद्ध कामं सोडून दिली होती.

पुढे १ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एसटी धावली, ती पुणे-नगर याच रस्त्यावरून. तो रस्ता महत्त्वाचा होताच. पण त्याच्या दोन्ही अंगांना, पारनेर-पाथर्डीच्या माळावरच्या गावांना, बैलगाडीची वाट होती.

ती वाट बदलली १९७२ साली.

*

महिन्याभरापूर्वी, एका रविवारी, मी रोड बाईकवरून आजीच्या गावाला जायचं ठरवलं. एमटीबीवर हे अंतर मला कधी जमलं नव्हतं.

पहाटे पाचला निघाले. केडगाव ओलांडलं की पुणे रस्ता चौपदरी, सरळ आणि भीतिदायक. मागून कंटेनर येतो तेव्हा आधी आवाज येतो, मग तो आपल्याला क्षणभर आत ओढतो, मग वाऱ्याचा धक्का देऊन जातो. जाड टायरवर मी अशा वेळी खाली मातीत उतरायचे. आता उतरता येत नव्हतं. पांढऱ्या पट्टीच्या डावीकडची दोन-अडीच फुटांची पट्टी, तेवढंच माझं जग. कामरगावचा घाट छोटाच आहे, पण तिथं दोनदा थांबले. सुप्याला चहा घेतला आणि आत वळले.

आतल्या रस्त्यावर एकदम शांत झालं. डांबर नवं होतं. २००० सालानंतर पंतप्रधान ग्रामसडक योजनेतून आणि इतर कामांतून असे कितीतरी रस्ते झाले. हायवेवर जिवाला जपत चालवलेली सायकल इथे आपोआप पळायला लागली. टायरचा बारीक 'सर्रर्र' तेवढा ऐकू येत होता. मला वाटलं, ही सायकल याच रस्त्यासाठी केली आहे.

आजी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. ताट उजव्या डोळ्यापाशी धरून. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तो काढता येईल. डाव्यात मोतीबिंदू नाही, बुबुळावर जुनी जखम आहे. "कधी लागलं होतं का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा "कवातरी" एवढंच आजी म्हणाली होती. आम्ही सगळे तिला लहानपणापासून 'कमी दिसतंय' म्हणूनच ओळखत होतो.

मी पाणी प्यायले आणि म्हटलं, "आजी, टिकलं बघ चाक. तुमच्या गावचा रस्ता हायवेपेक्षा भारी आहे."

"आसंल की. आम्हीच केलाय."

मला वाटलं, गावानं अर्जबिर्ज केले असतील. आजी तांदूळ बाजूला ठेवून म्हणाली, "बाहत्तरच्या दुष्काळात. म्या हुते कामाला. तुझा थोरला चुलता सहा महिन्यांचा हुता, बाभळीला झोळी बांधून त्यात निजवायचे."

मग ती बोलत गेली. डबर ट्रकनं यायचा. बायका ओळीनं बसून हातोडीनं खडी फोडायच्या. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या. संध्याकाळी मुकादम ढीग मोजायचा आणि ब्रासवर हिशोब व्हायचा. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. मापात भरलं नाही तर दिवस कमी. खायला सुकडी आणि लाल मिलो. परदेशातून आलेली ती ज्वारी आजीला अजून आवडत नाही, तिचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करते.

हे मी पुस्तकांतून वाचलं होतं. १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती, त्यांत बायकांचा वाटा मोठा होता. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला याच काळात बळ आलं, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ साली देशानं तशीच हमी दिली. हे सगळं मला परीक्षेपुरतं पाठ होतं. त्या पन्नास लाखांत आजी होती, हे माहीत नव्हतं.

"आणि डोळा?" मी विचारलं.

"कपची उडाली. खडी फोडताना उडतीच ती. दोन दिवस गार पाण्याची घडी ठिवली. तिसऱ्या दिवशी गेले कामाला. हजेरी बुडंल म्हणून."

"दवाखान्यात नाही गेलात?"

"कशानं जायचं? रस्ता कुठं हुता?"

ती हे चिडून म्हणाली नाही. मी काय विचारते आहे, याचंच तिला थोडं नवल वाटलं होतं.

*

दुपारी ऊन उतरल्यावर आजी माझ्याबरोबर वेशीपर्यंत आली. मी सायकल हातात धरून चालत होते. ओढ्यावरच्या पुलापाशी ती थांबली आणि काठीनं दाखवलं. "हितून त्या वळणावरल्या चिंचंपतुर आमच्या टोळीचं. त्याच्या म्होरं दुसऱ्या गावच्यांचं."

मी अंदाज केला, अर्धा किलोमीटर असेल. वर डांबराचे थर किती चढलेत कोण जाणे. खाली तीच खडी असणार. चांगल्या फोडलेल्या खडीचा गुणच तो, एकमेकींत रुतून बसते, हलत नाही.

या सायकलीला 'रोड बाईक' म्हणतात, तेव्हा त्यातला 'रोड' कुठून येतो, हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. सायकल कुठली घ्यावी याची चर्चा आपण तासन् तास करतो. गिअर, वजन, टायरची रुंदी. तुम्हीही जाड टायरवरून बारीक टायरवर जायच्या विचारात असाल, तर माझं मत सांगते. रोजच्या वाटेवर डांबर असेल तर जरूर जा. हवा दर आठवड्याला मोजा, पितळी टोपी खिशात ठेवा, हायवेवर दिवा आणि आरसा लावा. आणि तुमच्या गावचा रस्ता कधी झाला, कुणी केला, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा. उत्तर घरातच असायची शक्यता आहे.

निघताना आजीनं पुन्हा टायर दाबून पाहिला.

"किती येळ लागला गं यायला?"

"सव्वादोन तास."

तिनं पुलापासून चिंचेपर्यंत नजर फिरवली.

"आम्हाला हितून तिथवर जायला सहा महिने लागले," ती म्हणाली आणि हसली. "जा आता. अंधाराच्या आत पोच."